आघात कोणाच्या मुखातला?

सिरियाक ही एडेसाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील उर्फा नगराची, आरमाइक बोली. तिच्या लिपीत व्यंजने आहेत, पुढे स्वरचिन्हेही आली. आघाताचे चिन्ह मात्र नाही. या उणिवेचा आधार घेऊन काही वैयाकरण असा दावा करतात की, मूळ आघात अंत्य अक्षरावर होता. म्हणून ‘मल्का’ (राजा) हा शब्द ‘का’वर भार देऊनच वाचला पाहिजे, चर्चमधला उपान्त्य आघात हा अपभ्रंश होय.

दाव्याचा पूर्वार्ध खोटा नाही. ‘कतब’चे ‘क्तब’ झाले. आघात शेवटी असल्यावाचून पहिला ऱ्हस्व स्वर असा गळता ना. आक्षेप उत्तरार्धावर आहे. शब्दाचे रूप पूर्वीच घडवून गेलेल्या या क्रियेवरून कवी एफ्रेम (मृत्यू ३७३) आपली पद्ये कशी म्हणत असे, हे सिद्ध होत नाही. छंदाची साक्ष काढावी, तर तोही मौन पाळतो. एफ्रेमच्या सात-सात अक्षरांच्या चरणांत मोजणी अक्षरांची आहे, आघातांची नव्हे. ओवी-अभंगाच्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

उरते ती जिवंत परंपरा. पूर्व सिरियाक वाचनात आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर पडतो. मॅरोनाइटांच्या पश्चिमी वाचनात अंत्य अक्षर दीर्घस्वरी व व्यंजनान्त असेल तर तेथे, एरवी उपान्त्यावरच. न्योल्डेके यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदविले होते. पूर्वेचा ‘कद्दीशा’ (पवित्र) पश्चिमेकडे ‘कदीशो’ होतो; स्वर बदलतो, द्वित्व जाते, पण भार दोहोंत ‘दी’वरच राहतो. पाचव्या शतकातील धर्मवादांनी दुरावलेल्या दोन शाखांचे जेथे एकमत आहे, तेथे कोणत्याच शाखेत न ऐकू येणारे वाचन प्रमाण ठरविणे ही विद्वत्ता नव्हे, हट्ट आहे.

केरळात या दोन्ही शाखा शेजारी नांदतात. तेथील पूर्व सिरियाक प्रार्थनेत ‘कद्दीशा’चे ‘कंदीशा’ झाले, आणि २००० साली ‘इंडियन ओशन’ या संगीतसमूहाच्या ‘कंदीसा’मुळे ते सिरियाकचा गंधही नसलेल्या श्रोत्यांच्या कानी पडले. पोथीनिष्ठ त्याला अशुद्ध म्हणतील. परंतु १९६२ पासून सिरो-मलबार चर्चमध्ये मलयाळम उपासना रूढ झाली आणि सिरियाक म्हणणारी मुखे विरळ होत गेली. अंत्य आघाताची चर्चा आणखी शंभर वर्षांनीही करता येईल. वृद्ध गायकांचे ‘कंदीशा’ मात्र आजच ध्वनिमुद्रित व्हावयास हवे, त्यांच्या आघातासकट आणि त्या अनुस्वारासकट.