खिळे घासणारा पोर आणि कालिदासाची नाटके

5 एप्रिल हा दिवस दरसाल येतो आणि जातो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक आमच्या ऐरोलीच्या नाक्यावर बारमाही लटकत असतात, पण ह्या तिथीचा फलक आम्ही आजवर पाहिला नाही. 1892 साली ह्याच दिवशी जावजी दादाजी चौधरी वारले. हे कोण, असे वाचक विचारतील; त्यांस आम्ही दोष देत नाही. जो दुसऱ्यांची नावे छापतो त्याचे स्वतःचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते, आणि तेथवर नजर नेण्याची सवय आम्हा गुरुजी मंडळींनीच मुलांस लाविली नाही.

जावजींचा जन्म 1839 चा, मुंबईतील गरीब मराठा घरचा. शाळा म्हणावी तशी झाली नाही. दहा वर्षांचे पोर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्यास लागले. महिना रुपये दोन. त्या वयाचे आमचे बाप-आजे खाडीकाठी मिठाच्या आगरात फावडे ओढीत होते, तेव्हा ह्यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. घासता घासता ह्या पोराने खिळा कसा जन्मतो हे डोळ्यांनी चोरून घेतले.

हा धंदा आता बुडाला. म्हणून तो कसा चाले हे लोहार-सुतारांच्या मुलांना तरी सांगून ठेवले पाहिजे. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करावयाचा. साच्यात शिशाचा मिश्र रस ओतला की खिळा तयार. मग तो घासून असा सारखा करावयाचा की शेजारच्या खिळ्याहून केसभर उंच नको, केसभर बुटका नको. इंग्रजीचे काम थोड्या खिळ्यांत भागते. आमच्या बाळबोध लिपीला वर मात्रा, खाली उकार, डोक्यावर रफार, पोटात जोडाक्षर. शेकडो वेगवेगळे खिळे लागतात, आणि त्यांतला एक वाकडा निघाला की सारी ओळ लंगडते. हे काम शास्त्र्याच्या घोकंपट्टीने होत नाही. त्यास कारागिराची बोटे लागतात.

मिशनच्या छापखान्यातून जावजी दुसऱ्या छापखान्यांत गेले, इंदुप्रकाशमध्येही राहिले, आणि 1864 साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. ठसे कोरणारा हात त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचा होता. आरूंचे नाव तर जावजींहूनही कमी लोकांस ठाऊक आहे. 1869 साली निर्णयसागर छापखाना उभा राहिला. पुढे हा छापखाना कोलभाट गल्लीत होता, आणि त्याचे नाव काशीपर्यंत पोहोचले. त्यांच्याआधी भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली शिळाछापावर पंचांग छापले होते. छापील पंचांगास हात लाविल्याने विटाळ होतो, शाईत चरबी असते, अशी ओरड झाली, तेव्हा त्या गृहस्थांनी तुपाची शाई केली. भिक्षुकशाहीचा विटाळ तुपाने फिटला आणि पंचांग घरोघर गेले! तेव्हा ह्या मुलखात छापण्याची विद्या आपल्यांपैकी कष्टकऱ्यांनी पायावर उभी केली, हे विसरू नये.

आता जावजींचे मोठे काम. 1886 साली त्यांनी काव्यमाला सुरू केली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब जुन्या पोथ्या तपासून द्यावयाचे आणि हे छापावयाचे. जे काव्य, जे नाटक एखाद्या वाड्यात पोथीच्या फडक्यात वाळवीची वाट पाहात पडले होते, ते बाजारात आले. निर्णयसागरने शाकुंतल छापले, मृच्छकटिक छापले, सबंध प्राकृतात रचलेली राजशेखराची कर्पूरमंजरीही छापली. (त्या जुन्या नाटकांत राजा आणि बहुतेक ब्राह्मण संस्कृत बोलतात, बहुतेक बायका आणि चाकर प्राकृत बोलतात, रंगभूमीवरही ज्याची त्याची जागा ठरलेली.) ज्याला संस्कृत शिकण्याचा अधिकार नाही असे सांगत आले, त्या घरच्या माणसाने कालिदासाला कागदावर आणून पाठशाळांच्या दारात ठेविले, आणि शास्त्रीबुवांनी तो निमूट घेतला. धर्मसिंधु, निर्णयसिंधु हेही त्याच छापखान्यातून निघाले. जावजी वारल्यावर सातच वर्षांनी, 1899 साली, कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी खुद्द शाहू छत्रपतींना ऐकविले गेले की शूद्रास वेदोक्त मंत्र चालत नाहीत. मंत्र चालत नाहीत. मंत्राच्या पुस्तकाचे खिळे मात्र चालतात!

येथवर लिहिले ते अभिमानाने लिहिले. परंतु हे पत्र आपल्या माणसाची नुसती आरती ओवाळण्याकरिता निघत नाही. जावजी काही सत्यशोधक नव्हते. मनुस्मृतीसुद्धा निर्णयसागरच्या सुबक अक्षरांत निघाली, आणि तिची शुद्ध प्रत म्हणून वाखाणणी झाली. आमच्या गुलामीचा दस्तऐवज आमच्याच माणसाच्या कारखान्यात इतका देखणा व्हावा, ह्यास काय म्हणावे? कोणी म्हणेल, कुंभार मडके घडवितो, त्यात दूध ठेवावे की ताडी हे तो पाहात नाही. हे म्हणणे आम्हांस अर्धे पटते. कारागिराला पोट असते आणि गिऱ्हाईक ज्याचे त्याचे माप. पण दुसरे अर्धे असे.

1855 साली, जावजी सोळा वर्षांचे होते तेव्हा, पुण्यात जोतीराव फुल्यांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिले. अडाणी कुणबी आणि त्याची गरोदर बायको. ग्रहांची भीती घालून जोशी त्यांस कसा नागवितो आणि शेवटी ती दोघे रात्रीच्या शाळेत कशी जातात, एवढीच गोष्ट. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि नापसंत होऊन परत आले. ते छापून निघाले 1979 साली, पुरोगामी सत्यशोधक ह्या नियतकालिकात. एकशेचोवीस वर्षे! तोवर कर्त्यालाही जाऊन एकोणनव्वद वर्षे झाली होती. शेतकऱ्याचा असूड 1883 मध्ये लिहून झाला. दीनबंधूने दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे धाडस केले नाही. दीनबंधू तर आपल्याच माणसांचे पत्र. ज्या शहरात खिळे ओतणारा मराठा, शिळाछाप काढणारा भंडारी, त्या शहरात कुणब्याच्या दुःखाच्या पुस्तकाला खिळे मिळेनात. उणीव हाताची नव्हती, कसबाची तर नव्हतीच. काय छापावयाचे हे ठरविणारे डोके आणि त्याला लागणारा पैसा दुसरीकडे होता.

हे सर्व आज ऐरोलीत बसून लिहिण्याचे कारण घरचेच आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. भटावाचून लग्न लावण्याची ही रीत सत्यशोधक समाज 1873 साली निघण्याच्या कितीतरी आधीची. धवले म्हणजे आमच्या आयाबायांची स्मृती आणि नाटक दोन्ही. 1970 पासून सिडकोने जमिनी घेतल्या, भातखाचरे आणि मिठागरे गेली, आणि गाणाऱ्या म्हाताऱ्याही एकेक करून चालल्या आहेत. आता लग्नात ध्वनिक्षेपक वाजतो. गावातील एका धवलारीण आजींपाशी बसून आम्ही काही धवले उतरून घेतले आणि शहरातील एका प्रकाशकाकडे गेलो. त्याने दोन पाने चाळली, "बोली आहे, शुद्ध करून आणा, शिवाय घेणार कोण?" म्हणाला आणि चहा पाजला. त्याचा राग आम्हांस आला खरा, पण गाडीत बसल्यावर वाटले की त्याचे पोट त्याच्या गिऱ्हाइकावर, जसे जावजींचे होते. आमचे गिऱ्हाईक आम्हीच व्हावयास पाहिजे. लग्नातल्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशात धवल्यांचे छोटे पुस्तक निघते. दहा घरांनी तो पैसा वाटून घ्यावा. हिशेब शाळेच्या फळ्यावर सर्वांसमक्ष लिहू. भाषा आजींची तशीच राहील, एक काना बदलणार नाही.

गेल्या आठवड्यात वर्गात पाठ्यपुस्तक उलटून छापणाऱ्याचे नाव शोधावयास सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ते शोधून बोट ठेविले आणि विचारले, "गुरुजी, आजीच्या पुस्तकावर आजीचा नाव कुठं येल?" पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, असे आम्ही तिला सांगून बसलो आहो.

वही आमच्याकडे आहे. दोनशे पानांपैकी चौऱ्याऐंशी भरली. ज्यांच्या घरी धवले येणारी म्हातारी असेल, किंवा जुन्या वहीत कोणी लिहून ठेविले असतील, त्यांनी रविवारी गावठाणातील शाळेत यावे. आजी दुपारी निजतात, सबब चारनंतर.