सर्वश्रेष्ठ कोण?

आपल्या आवडत्या संघाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा क्रीडारसिकांचा जिव्हाळ्याचा वाद असतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघही त्याला अपवाद नाही. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद पटकावले.

एक पक्ष करीम अब्दुल-जब्बार यांचा आहे. ल्यू अल्सिंडर या पूर्वीच्या नावाने खेळताना त्यांनी १९६७ ते १९६९ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवून दिली. दुसरा पक्ष बिल वॉल्टन यांची बाजू घेतो. १९७३च्या अंतिम सामन्यात त्यांच्या २२ फेकींपैकी २१ अचूक ठरल्या आणि त्यांनी एकट्याने ४४ गुण मिळवले.

परंतु केवळ आकड्यांवरून निवाडा करणे न्याय्य ठरत नाही. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात स्थान नसे. लांबून केलेल्या फेकीला तीन गुणही मिळत नसत. मग त्यांची तुलना नंतरच्या खेळाडूंशी कशी करावी? शिवाय, १९६४चे पहिले अजिंक्यपद या दोघांच्याही आधीचे. त्या संघात असा एकही महाकाय खेळाडू नव्हता. तरीही त्याने सर्व ३० सामने जिंकले.

म्हणून वाद अवश्य घालावा. मात्र आधी निकष ठरवावा, मगच नाव घ्यावे. एकाचा गौरव करताना इतरांचे श्रम विसरले जाणार नाहीत, एवढे भान राखले तरच तो वाद खेळाला शोभेल.