मन दमतं तेव्हा

मुलांनो,

माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा खो-खो सोडून पायरीवर बसायला लागला. डबाही तसाच परत न्यायचा. “आळस सोड, ऊठ!” असं मी त्याला चारचौघांत दोनदा बोलले. मग त्याची आई भेटायला आली. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं. तापानं फणफणलेल्या मुलाला मी असं बोलले असते का?

परीक्षेत गुण कमी पडले की आपण खट्टू होतो, दोन दिवसांत विसरतो. नैराश्य तसं नसतं. दोन आठवडे उलटले तरी मन कशातच रमत नाही, झोप आणि भूक बिघडते. “माझंच चुकलं” या विचाराभोवती मन घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं.

त्याला त्या फेऱ्यातून बाहेर कसं काढायचं? अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या ब्रँडन आल्डरमन आणि ट्रेसी शोर्स यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५२ तरुण-तरुणी होते, त्यांपैकी २२ जणांना नैराश्य होतं. आठवड्यातून दोनदा, असं आठ आठवडे त्यांनी काय केलं? २० मिनिटं स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष, १० मिनिटं सावकाश चालत पावलांकडे लक्ष आणि मग ३० मिनिटं दम लागेल असा व्यायाम. नैराश्याची लक्षणं सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाली!

पण प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. म्हणून डॉक्टरांची औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत हं. ही त्यांच्या जोडीची मदत.

तुम्हीही करून बघा. पाच मिनिटं बसा, श्वास मोजा. मन पळालं? रागावू नका, हळूच परत आणा. परत आणणं हाच त्याचा व्यायाम! मग दोरीच्या उड्या मारा, नाहीतर लंगडी खेळा.

पालकहो, मूल गप्प झालं तर आधी शेजारी बसा, मग बोला. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

आणि तो मुलगा? मी त्याची माफी मागितली. उपचार चालू आहेत. रोज सकाळी तो बाबांबरोबर चालायला जातो. अजून खेळत नाही, पण पायरीवरून उठून मैदानाच्या कडेला येतो, खो-खोचे गुण मांडतो. घाई नाही. आम्ही त्याची जागा राखून ठेवली आहे.

तुमच्या बाई