परसातली फुले : ॲस्टर पेरावे दसरा मोजून

गडमुडशिंगीच्या आसपास विहिरीच्या कडेला, गोठ्याच्या मागे, उसाच्या फडाच्या बांधाला गुंठा-दीड गुंठा रान बहुतेक घरी मोकळे असते. तिथे झेंडू असतोच. त्याच्या जोडीला पांढरा, गुलाबी, जांभळा ॲस्टर लावला तर दसरा-दिवाळीला देवघरही सजते आणि कोल्हापूरच्या बाजारात चार पाट्या जाऊन घरातल्या बाईच्या हातात पैसा येतो. उसाचे बिल यायला वर्ष-दीड वर्ष लागते. सणाचा खर्च मात्र सणालाच येतो. म्हणून ह्या गुंठ्याला मोल आहे.

पण ॲस्टरचे एक वर्म आहे. फूल सणाच्या आधी चार दिवस उमलले तर सोने, सणानंतर आठ दिवसांनी उमलले तर त्याला विचारणारे थोडे. आणि इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो.

आपल्याकडे पेरणी नक्षत्रावर करायची रीत. मृग दरवर्षी 7-8 जूनला निघतो, कारण नक्षत्राचा हिशेब सूर्यावर चालतो. दसरा मात्र चंद्राच्या तिथीवर येतो. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला आला. 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे तो 20 ऑक्टोबरला. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. दोन्ही वर्षी मृगावरच बी टाकले तर एका वर्षी फूल सणाला सापडेल, दुसऱ्या वर्षी सणाआधीच बहर ओसरू लागेल. तेव्हा ॲस्टरसाठी नक्षत्र न धरता दसऱ्यापासून दिवस मागे मोजावेत.

ॲस्टरचे रोप वाफ्यात साधारण एक महिना राहते. लावणीनंतर दोन ते अडीच महिन्यांनी फूल लागते. पेरणीपासून साडेतीन महिने, म्हणजे 105 दिवस धरावेत. 2025 साठी हा हिशेब 19 जूनला येतो, 2026 साठी 7 जुलैला. पावसाळी ढगाळ हवेने चार दिवस मागेपुढे होतात, म्हणून सगळे बी एकदम न टाकता निम्मे पाच दिवस आधी व निम्मे पाच दिवस नंतर टाकावे. दिवाळीलाही फुले हवी असतील तर तिसरा वाफा लक्ष्मीपूजनापासून मागे मोजून करावा.

बी ताजेच घ्यावे. ॲस्टरच्या बियांचा जोम वर्षभरात ओसरतो. जुने बी उगवले नाही तर दिवस गेले आणि सणही गेला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्राने काढलेले फुले गणेश व्हाईट, पिंक, व्हायोलेट व पर्पल हे वाण आहेत. बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेचे कामिनी (गुलाबी), पूर्णिमा (पांढरा), शशांक आणि व्हायलेट कुशन हेही आहेत. हार-वेणीला पांढरा व जांभळा मिळून शोभतो.

रोपासाठी वीतभर उंच गादीवाफा करावा, कारण आपल्या काळ्या रानात पावसाचे पाणी साचले की कोवळी रोपे कुजतात. चाळलेले शेणखत मिसळून ओळीत बी पेरावे व वर खताचा हलका थर द्यावा. जोराच्या सरीपासून जपण्यासाठी काठ्यांवर पाचटाचे छप्पर करावे, उघडीप मिळताच ते काढावे. चार-पाच पाने आली की संध्याकाळच्या वेळी, एक फूट अंतरावर, वरंब्याच्या बगलेला रोपे लावावीत. गुंठ्यात साधारण अकराशे रोपे बसतात.

लावणीनंतर महिन्याने शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, फुलेही वाढतात. पण बहर काही दिवस लांबतो. म्हणून ज्या वाफ्याची पेरणी उशिरा झाली त्याचा शेंडा खुडू नये.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मर रोग. उभे झाड अचानक मान टाकते. ही बुरशी जमिनीत राहते आणि वर्षानुवर्षे टिकते. मेलेले झाड मुळासकट उपटून जाळावे, उकिरड्यात टाकू नये. तेच खत पुन्हा रानात जाते. पुढच्या वर्षी ॲस्टर त्या जागी न लावता दुसऱ्या कोपऱ्यात न्यावा. घरचे बी धरायचे तर निरोगी, ठसठशीत फुलाच्या झाडाचेच धरावे. ॲस्टर बहुतेक आपल्याच परागाने फळतो, त्यामुळे वाण फारसा बिघडत नाही.

काही भगिनींना वाटते की एकदा लावला की ॲस्टर वर्षानुवर्षे राहील. थंड मुलखातले काही ॲस्टर तसे राहतात, दर शरद ऋतूत फुलतात. आपला बाजारातला टपोरा ॲस्टर मात्र एका हंगामाचा; बी धरले की संपला. कायमचे झाड हवे तर पांढऱ्या बारीक फुलांची डेझी लावावी. ती मुळाशी फुटणाऱ्या फुटव्यांपासून लागते, बहर सरल्यावर छाटली की पुन्हा फुटते. गुच्छात भरीला ती चांगली, पण टपोऱ्या ॲस्टरची जागा ती घेत नाही.

सुटी फुले पूर्ण उमलल्यावर, सकाळी दव ओसरताच काढावीत व ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत भरावीत. दांड्यासह विकायची असतील तर बाहेरच्या पाकळ्या उघडताच कापून लगेच पाण्यात उभी करावीत.

नवे पंचांग घरात आले की सणांच्या पानावर दसऱ्यापुढे बोट ठेवावे, 105 दिवस मागे मोजावेत आणि त्या तारखेवर खूण करावी.