पावती खेळाडूची, बंदूक कंपनीची

सोयाबीन पिकवणाऱ्या वाशी-कळंब पट्ट्यातल्या शेतकऱ्याला गोदामाची पावती नवी नाही. माल गोदामात ठेवायचा आणि पावती तारण ठेवून कर्ज उचलायचे. राज्य वखार महामंडळाने या पावत्या ब्लॉकचेनवरही नोंदवायला घेतल्या. अशी नोंद एका कचेरीत न राहता अनेक संगणकांवर एकाच वेळी राहते आणि मागाहून कुणाला गुपचूप खोडता येत नाही. त्यामुळे एकाच मालावर दोनदा कर्ज उचलणे अवघड होते. पावतीमागे खरे पोते आहे, म्हणून इथे हे तंत्र कामाचे.

हीच पावती मोबाइल गेममधल्या बंदुकीला, पोशाखाला किंवा गाडीलाही द्यावी, असा आग्रह काही कंपन्या गेली काही वर्षे धरत आहेत. मुले या वस्तूंवर पैसे खर्च करतात, मग त्या त्यांच्या मालकीच्या का नसाव्यात, हवे तेव्हा विकता का येऊ नयेत? प्रश्न रास्त आहे. पब्जी खेळणाऱ्यांना त्याची झळ बसलेली आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने या खेळावर बंदी घातली आणि विकत घेतलेले सगळे अडकून पडले. २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आला, तेव्हा जुन्या खात्यातला ऐवज नव्या खेळात आणण्याची मुभा मिळाली, तीही ठरावीक मुदतीपुरती. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या साऱ्यात खेळाडूला कुणी काही विचारले नाही.

ब्लॉकचेनवर नोंद असती तर काय वेगळे झाले असते? फारसे काही नाही. त्या नोंदीत असते एवढेच, की अमुक क्रमांकाचा टोकन अमुक खात्याचा आहे. बंदूक पडद्यावर कशी दिसेल, किती मारा करेल, मुळात चालेल की नाही, हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो. ‘एफ-वन डेल्टा टाइम’ या मोटारशर्यतीच्या खेळातली एक गाडी २०१९ मध्ये एक लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मार्च २०२२ मध्ये खेळ बंद पडला. मालकाचा टोकन शाबूत राहिला, पण ती गाडी पळवायला त्या खेळातला रस्ताच उरला नाही. गोदामच गेले तर पावती घेऊन उभे राहायचे कुठे? एका खेळातली तलवार दुसऱ्या खेळात नेता येईल, हेही सांगितले जाते. पण दुसऱ्या कंपनीने ती स्वतः घडवून घेतल्याशिवाय तिथे चालत नाही आणि परक्याची तलवार फुकट घडवण्यात तिचा काही फायदा नाही.

खरा धोका पुढे आहे. वस्तू विकता आली की खेळाचा बाजार होतो. व्हिएतनाममधल्या कंपनीच्या ‘ॲक्सी इन्फिनिटी’त सुरुवातीलाच तीन प्राणी विकत घ्यावे लागत. ज्यांना ते परवडत नसत, ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळत आणि कमाईतला वाटा मालकाला देत. आपल्याकडच्या बटईसारखेच. फिलिपिन्समध्ये हजारो जण कोविडकाळात यावर घर चालवू पाहत होते. नवे खेळाडू येईनासे झाले तसा कमाईच्या नाण्याचा भाव वर्षभरात एका सेंटच्याही खाली घसरला. त्यातच मार्च २०२२ मध्ये हॅकरांनी सुमारे ६२ कोटी डॉलर लुटले. कोरडवाहू तालुक्यातल्या, हाताला काम नसलेल्या पोराला ‘खेळा आणि कमवा’ ही हाक किती गोड वाटेल, हे वेगळे सांगायला नको. त्याने हातउसने पैसे काढून टोकन घेतले आणि भाव पडला, तर कर्ज त्याचेच राहते.

मनाचाही हिशेब आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगून बक्षीस दिले. नंतर बक्षीस नसताना ती मुले चित्रांपाशी कमी रमली. खेळाला मोबदला जोडला की खेळायची गोडी आटते आणि मोबदला थांबला की काहीच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. नुकसान होत असतानाही थांबता न येणे हे त्याचे एक लक्षण. ‘मी खेळत नाही, कमावतोय’ म्हणणाऱ्या मुलाला घरचे थांबवणार कसे?

कायद्याची बाजूही सोपी नाही. अशा टोकनच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात पैशांत बदलता येणारी, पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी व वस्तूही ‘पणा’च्या व्याख्येत येतात. विकता येणारी बंदूक या व्याख्येपासून फार लांब नाही.

खेळाडूचे हित साधायचेच असेल तर साधा उपाय आहे. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल खेळ विकताना ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते, की त्याला मालकी नव्हे, वापराचा परवाना मिळतो आहे. असे एक वाक्य मराठीत, पैसे कापले जाण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर यावे, आणि खेळ बंद करण्यापूर्वी काही महिन्यांची सूचना व न वापरलेले पैसे परत देणे कंपनीला बंधनकारक व्हावे. त्यासाठी ब्लॉकचेन लागत नाही.