भाजीवरचा खोटा खटला

‘पालक खाल्ल्याने मूत्रपिंडे निकामी होतात’ हे वाक्य दर काही महिन्यांनी नव्या चित्रासह फिरू लागते. ऑक्झलेट मूत्रपिंडाला इजा करू शकते, हे खरे. पण किती ऑक्झलेट, कोणत्या रूपात आणि कोणाच्या शरीरात, हे तीन प्रश्न गाळले की उरते ती केवळ भीती, आणि भीतीला विज्ञानाचे नाव देणे हा अपराधच आहे.

आतड्यात कॅल्शियम भेटले की ऑक्झलेट त्याच्याशी बांधले जाते. तयार होणारे कॅल्शियम ऑक्झलेट जवळजवळ अविद्राव्य असते आणि बहुतांशी मळावाटे बाहेर पडते. कॅल्शियम नसेल तर विद्राव्य ऑक्झलेट रक्तात शिरते. मूत्रनलिकांत त्याची संहती मर्यादेपलीकडे गेली की तिथेच स्फटिक धरतात. शरीरात पाणी कमी असेल तर ही मर्यादा लवकर ओलांडली जाते.

आता प्रत्यक्ष रुग्ण पाहा. २०१३ मध्ये केरळमधील दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बिलिंबीचा रस पिऊन त्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाली होती. सात जणांना डायलिसिस लागले. बिलिंबी म्हणजे कोकणातली बिंबल. आमटीत पडणाऱ्या चार फोडींनी हे घडले नव्हते, पेलाभर रसाने घडले. २०१५ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या एका रुग्णाची नोंद आली. तो दिवसाला सोळा पेले थंड चहा पीत असे. त्याच्या पोटात रोज दीड ग्रॅमहून अधिक ऑक्झलेट जात होते. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात अर्धा ते एक ग्रॅम ऑक्झलेट असू शकते. म्हणजे उपाशीपोटी रोज हिरवा रस पिण्याचा ‘शुद्धीकरणा’चा सल्ला देणारे त्याच आकड्याकडे वाटचाल करवतात, आणि भाजीला विष ठरवणारेही बहुधा त्यांच्याच पंक्तीतले असतात.

रायपूर जिल्ह्यातील अभनपूरच्या परिसरात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांचा ‘इड़हर’ करतात: उडदाचे पीठ लावून उकडलेल्या वड्या, आंबट ताकाच्या कढीत सोडलेल्या. आपल्याकडे पालकही ताकातलाच. ताकातले कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरून ठेवते. पालेभाजी उकडून पाणी टाकले तर विद्राव्य ऑक्झलेटचा मोठा भाग त्या पाण्यासोबत जातो. मिक्सरमधून थेट पेल्यात आलेल्या पानांना यातले काहीच घडत नाही. ज्यांना मुतखडा होतो किंवा ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, त्यांचा प्रश्न निराळा. कमरख म्हणजे स्टारफ्रूट तर अशा रुग्णांनी तोंडालाही लावू नये.

याच अभनपूरला एक महामार्ग धमतरी-जगदलपूरकडे जातो, तर दुसरा राजिम, गरियाबंदवरून देवभोगकडे. देवभोगजवळच्या सुपेबेडा गावात गेली अनेक वर्षे माणसे मूत्रपिंडाच्या विकाराने मरत आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्यपाल अनुसुइया उइके तिथे जाऊन आल्या. पाण्यातील फ्लोराइड, जड धातू यांची चर्चा झाली. सर्वमान्य कारण मात्र ठरलेले नाही. अशा गावातल्या घरात ‘लाल भाजी सोडा’ हा संदेश पोचला, तर पाण्याचा हिशेब विचारायच्या ऐवजी माणूस आपल्याच ताटाकडे संशयाने पाहू लागेल. गरिबाच्या ताटातील लोहाचा स्वस्त स्रोतही जाईल, तो वेगळाच.

हा आरोप तपासण्याची सोय विज्ञानाकडे आहे. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा ध्रुवित प्रकाशाखाली धरला, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर लख्ख उजळतात. भाजीला आरोपी करणाऱ्यांनी निदान तेवढी काचपट्टी आणि सोबत रुग्णाने काय, किती व किती दिवस प्राशन केले याची नोंद पुढे ठेवावी.