देराच्या काठावरची विडी



या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे, विडीचा. "विडीवर कसलं लिहिता, दुसरं काही सुचलं नाही का?" असं आमच्या घरातूनच ऐकावं लागलं. पण गोष्ट मनात राहून गेली आहे, म्हणून लिहितो.

२०२० साली करार झाला आणि आपल्या इथून दुबईला विमानं जायला लागली. २०२३ च्या फेब्रुवारीत मुलगा कामासाठी तिकडे निघाला, तेव्हा मला आणि धाकट्या नातवाला बरोबर घेऊन गेला. मुलगा कामावर गेला की आम्ही दोघे फिरायला मोकळे. उंच इमारती एका दिवसात बघून झाल्या. मग मी म्हटलं, चल, जुनी दुबई बघू. खाडीच्या एका बाजूला बर दुबई, दुसऱ्या बाजूला देरा. मध्ये लाकडी होड्या चालतात, त्यांना आब्रा म्हणतात. माणशी एक दिरहम. नातू खूष, आणि मला आपली रेवदंड्याची तर आठवली.

देरात उतरलं की मसाल्यांचा बाजार लागतो, पुढे सोन्याचा. नाकात लवंग, दालचिनी, वाळवलेली लिंबं. काठाला मालाची गलबतं लागलेली. म्हाताऱ्या वाचकांना आठवत असेल, एके काळी या भागात आपलाच रुपया चालायचा. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि तोही १९६६ पर्यंत तिथे वापरात होता.

संध्याकाळी दमून काठावरच्या बाकावर बसलो. शेजारी चाळिशीचा एक माणूस येऊन बसला. कामावरचे कपडे, हातात पिशवी. त्याने खिशातून विडीबंडल काढलं, एक विडी दोन बोटांत हलकेच दाबली, तोंडाकडून फुंकली आणि पेटवली. तो वास आला मात्र, मी पन्नास-साठ वर्षं मागे गेलो. तोंडातून निघून गेलं, "काय, गावची का?"

तो दचकलाच. "काका, तुम्ही मराठी?"

मग काय विचारता! तो मंडणगड तालुक्यातला, कोकणी मुसलमान. एका खानावळीत स्वयंपाकी. मी म्हटलं, आम्ही रेवदंड्याचे बेने इस्राएल. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे शनवार तेली? माझी आजी सांगायची, तेल गाळणारे लोक, शनवारी घाणा बंद." मला इतका आनंद झाला की काय सांगू. परक्या देशात आपली ओळख आजीच्या तोंडून आलेली!

नातवाने मात्र सरळ विचारलं, "अंकल, तुम्ही हे पान का ओढता? सिगारेट का नाही?"

तो हसला. म्हणाला, "बाळा, हिशेब कर." त्याने मग बोटांवर मोजून दाखवलं. तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०१७ पासून तंबाखूवर शंभर टक्के कर लावला. डिसेंबर २०१९ पासून तर एका सिगारेटची किंमत चाळीस फिल्सपेक्षा कमी धरताच येत नाही. म्हणजे वीसचं पाकीट कमीत कमी आठ दिरहम. रोज एक पाकीट म्हटलं तर महिन्याला दोनशे चाळीस दिरहम. "तेवढ्यात माझ्या पोरीची शाळेची फी जाते," तो म्हणाला. गावाहून कोणी आलं की चार बंडलं मागवतो, ती पुरवून पुरवून ओढतो.

"आणि दुसरं म्हणजे," तो जरा थांबून म्हणाला, "खोलीत आम्ही आठ जण. एकटं बसायला जागाच नाही. ही पेटवली की दहा मिनिटं माझी. वासाने घरचं अंगण आठवतं."

मुलांनो, ओढणाऱ्याची ही तीनही कारणं नीट वाचा: स्वस्त पडते, विसावा मिळतो, घर आठवतं. यातलं एकही कारण वेडगळ नाही. म्हणून तर सवय सुटत नाही.

तेवढ्यात समोरून काही तरुण गेले, लांब पांढऱ्या झग्यातले. त्यांच्या हातात करंगळीएवढी चिलीम. नातवाने विचारलंच. तिला मिदवाख म्हणतात आणि तीत घालतात त्या तंबाखूला दोखा. एका वेळी चिमूटभर भरायचा, एक-दोन झुरके मारायचे, झालं. वास फार रेंगाळत नाही म्हणून पोरं आईबापांपासून लपवून ओढतात. दोखा म्हणजे अरबीत चक्कर. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरतं, म्हणून हे नाव. आपल्या कानाला मात्र तो सरळ 'धोका' ऐकू येतो, आणि ते ऐकणं चुकीचं नाही. कारण त्या चिमटीत निकोटिन भरपूर असतं. म्हणजे देरात गरीब माणूस पानाची विडी ओढतो, खात्यापित्या घरचा मुलगा चिलीम ओढतो. हत्यार वेगळं, जखम तीच.

आता माझ्या आजोबांची गोष्ट. ते स्वतः विडी वळायचे. आपट्याची पानं वाळवून ठेवलेली असत. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात तीच. पत्र्याच्या डबीत तंबाखू, जवळ दोऱ्याचं रीळ. वळलेली एक विडी कायम कानावर. पण शुक्रवारी दिवे लागायच्या आधी डबी, काडेपेटी सगळं फडताळात जायचं. शब्बाथला विस्तव नाही म्हणजे नाही. शनिवारी सूर्य मावळला की आम्हा पोरांना अंगणात पाठवायचे, तीन तारे दिसतात का बघा. आम्ही दोन दिसले तरी "तीन, तीन!" म्हणून ओरडायचो. पण ते स्वतः बाहेर येऊन मोजायचे आणि मगच काडी ओढायचे. जो माणूस दर आठवड्याला एक दिवस विडीशिवाय राहू शकत होता, तो सात दिवस का राहू शकला नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. शेवटची दोन वर्षं त्यांनी खोकण्यात काढली.

बाजारातली विडी मात्र ओढणारा वळत नाही. ती दुसरंच कोणीतरी वळतं. विडीचं पान बहुतेक टेंभुर्णीचं, ज्याला तेंदूही म्हणतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, माणसं पहाटे उठून ती पानं तोडतात आणि त्यांचे पुडे बांधतात. तंबाखू निपाणीसारख्या भागातला. त्या निपाणीत १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले, आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींचे जीव गेले. तिथल्या वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांनीही संघटना बांधली. १९८२ साली युगांतर या गटाने त्यांच्यावर माहितीपट काढला.

आणि वळणाऱ्या? सोलापूरला जा, सिन्नरला जा. घराच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बाई बसलेली. भिजवलेलं पान मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. हजार विड्या वळायला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ जातो. वर त्यातल्या वाईट म्हणून बाजूला काढल्या तर त्यांचे पैसे नाहीत. पाठ दुखते, बोटं झिजतात, तंबाखूची धूळ छातीत जाते. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा. सोलापूरजवळ कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांनी सहकारी संस्था करून दहा हजार घरं मिळवली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे किल्ल्या द्यायला आले होते. विडी वाईट, पण वळणारी बाई वाईट नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. विडी स्वस्त आहे, कारण तिच्या बोटांना स्वस्त धरलं आहे.

आता मोठ्या नातवाकडे येतो. तो सैन्यात होता तेव्हापासून तंबाखूची पिशवी आणि पातळ कागद जवळ बाळगतो. त्याच्या बरोबरीची पुष्कळ मुलं तेच करायची, कारण आपल्या देशात वळायच्या तंबाखूवर सिगारेटपेक्षा कर कमी होता. २०१८ च्या शेवटी तो कर वाढवला, तेव्हा स्वस्ताईचं कारण गेलं. पण सवय राहिली. विचारलं तर म्हणतो, "साबा, हाताने वळलेली आहे. यात केमिकल नाही. नैसर्गिक आहे."

धतुराही नैसर्गिकच आहे, म्हटलं! या नैसर्गिकपणाचा खुलासा करतो. विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू खूप कमी असतो. पण पान नीट जळत नाही, विडी सारखी विझते. ती जिवंत ठेवायला माणूस जोराने आणि घाईघाईने झुरके घेतो. म्हणून तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी नाही, उलट जास्तच आत जातो. कागदात वळली तरी धूर धूरच. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग आणि कायमचा दमा हे पान आहे की कागद हे विचारत नाहीत. भारतात २०१६-१७ च्या मोठ्या पाहणीत शंभर प्रौढांत साधारण आठ जण विडी ओढणारे निघाले आणि चार जण सिगारेट. म्हणजे आपल्याकडे धूर म्हणजे मुख्यतः विडीच.

घरी परतल्यावर मी मोठ्या नातवाला देराची सगळी हकीकत सांगितली. आजोबांचा खोकला सांगितला, सोलापूरच्या बायका सांगितल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साबा, हे सगळं तू त्या स्वयंपाक्याला सांगितलंस का?"

मी गप्प बसलो. नव्हतं सांगितलं. उलट निघताना त्याने एक विडी पुढे केली होती, "घ्या काका, गावची आहे," आणि मी ती घेतली होती. मी विडी सोडून तीस वर्षं झाली, तरी नाही म्हणवलं नाही. सवयीने कानावर ठेवली. आब्रात बसलो तेव्हा धाकटा माझ्या कानाकडे बघून हसत होता. परक्या मुलखात भेटलेल्या आपल्या माणसाला दुखवायचं कसं, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, त्याची मुलगी शाळेत जाते. तिचा बाप खोकत घरी येऊ नये, एवढं तरी मी बोलायला हवं होतं. दहा मिनिटं एकटं बसायला विडी लागतेच असं नाही. नुसतं खाडीकडे बघतही बसता येतं.

ती विडी माझ्या खणात आहे. न पेटवलेली. मोठ्या नातवाने पिशवी अजून टाकलेली नाही, पण परवा शब्बाथ संपल्यावर तो बाहेर गेला नाही. धाकट्याने त्याला खिडकीशी नेऊन तारे मोजायला लावले. तीन झाले, चार झाले, सात झाले, तरी तो बसून होता. पुढचं पुढे.

मुलांनो, तुमच्या घरी कोणी वळत असेल तर रागावू नका. फक्त विचारा, का ओढता? ते जे कारण सांगतील ते नीट ऐका आणि मग त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. आणि वडीलधाऱ्यांनो, कोणाला सांगायचं राहून गेलं असेल तर सांगून टाका. मी देरात चुकलो, तुम्ही चुकू नका.

असो. पुढच्या अंकात भेटू.